कांदा आज विकू की चाळीत ठेवू? टंचाईतल्या निवडीचं अर्थशास्त्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सूक्ष्म अर्थशास्त्र म्हणजे एकेक माणूस, एकेक घर, एकेक दुकान आपल्याकडच्या तुटपुंज्या साधनांतून निवड कशी करतं याचा अभ्यास. क्रमिक पुस्तकांत त्यासाठी पेन, पेन्सिल आणि सफरचंदं येतात, आणि बारावीची परीक्षा झाली की मुलं ते सगळं विसरतात. म्हणून इथे एकच पीक धरलं आहे. नाशिक जिल्ह्यात निफाड, येवला, चांदवड, देवळा, सटाणा या पट्ट्यात एप्रिल-मे उजाडला की घरोघरी एकच प्रश्न असतो, कांदा आज विकू की चाळीत (वारा खेळता राहणाऱ्या साठवणीच्या शेडमध्ये) ठेवू, आणि या विषयातल्या बहुतेक कल्पना त्या एका प्रश्नात सापडतात. उदाहरणांत जिथे 'समजा' म्हटलं आहे तिथले आकडे हिशेब कळण्यापुरते घेतलेले आहेत. आपापले आकडे घालून बघा.

भाव पडला की लोक रस्त्यावर कांदा ओततात. मग टंचाई कशाची?

कांद्याची नसते, पण बाकी सगळ्याची असते. जमीन ठरलेली. मार्चनंतर विहीर किती तास चालेल ते ठरलेलं. काढणीच्या पंधरवड्यात मजूर मिळणं मुश्कील, कारण सगळ्या गावाची काढणी एकदमच. चाळ पाच ट्रॉल्यांची आणि माल निघाला आठ ट्रॉल्या. त्यातच जून तोंडावर: खरिपाचं बियाणं, खत, मुलांच्या फिया, गावच्या सहकारी सोसायटीचं कर्ज नवंजुनं करायची घाई.

लिओनेल रॉबिन्स यांनी १९३२ मध्ये अर्थशास्त्राची केलेली व्याख्या हेच सांगते. माणसाला हवं असतं पुष्कळ, साधनं असतात मोजकी, आणि त्या साधनांचे उपयोग एकाहून जास्त असतात. ही तिसरी अट लोक विसरतात. विहिरीचं पाणी फक्त कांद्यालाच देता येत असतं तर ठरवायला काही उरलंच नसतं. तेच पाणी द्राक्षालाही हवं असतं, जनावरांनाही, म्हणून डोकं चालवावं लागतं.

कांदा तो कांदा. लाल आणि उन्हाळचा हिशेब वेगळा का?

टिकण्यामुळे. खरिपाचा लाल कांदा ऑक्टोबरपासून बाजारात येतो. त्यात पाणी जास्त असतं, तो काढला की विकायचाच. त्यामागून रांगडा, म्हणजे उशिरा खरिपाचा, येतो, साधारण जानेवारी ते मार्च. उन्हाळ कांदा मार्च ते मे या काळात निघतो आणि नीट वाळवला तर चार ते सहा महिने चाळीत राहतो. देशाच्या उत्पादनात सर्वांत मोठा वाटा याच रब्बी कांद्याचा आहे, आणि जूनपासून नवा लाल कांदा येईपर्यंत देश त्याच्यावरच भागवतो. थांबायचं की विकायचं हा प्रश्न पडतो तो फक्त उन्हाळवाल्याला. पुढचं सगळं त्याच्याबद्दल आहे.

जमीन घरची, माणसं घरची. त्यांचा खर्च कसला धरायचा?

खिशातून पैसा गेला नाही म्हणजे खर्च झाला नाही, असा आपला समज असतो. अर्थशास्त्र खर्च वेगळ्या जागी शोधतं. हे केलं नसतं तर दुसरं सगळ्यात चांगलं काय करता आलं असतं? जे सोडलं, ती या निवडीची किंमत. त्याला संधी खर्च म्हणतात. कांद्याखालचं एकर खंडाने दिलं असतं तर खंड आला असता, किंवा तिथे हरभरा झाला असता. घरचे चौघं रोपं लावतात, ते दुसऱ्याच्या वावरात गेले असते तर चौघांचा रोज मिळाला असता.

हा वाद नुसता पुस्तकी नाही. केंद्राचा कृषी खर्च व मूल्य आयोग पिकांचा खर्च पायऱ्यापायऱ्यांनी काढतो. प्रत्यक्ष झालेला रोख आणि वस्तुरूप खर्च म्हणजे 'ए-२'. त्यात घरच्या माणसांच्या श्रमाचं मोल मिळवलं की 'ए-२ अधिक एफएल'. त्यावर स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचं व्याजही धरलं की 'सी-२'. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय शेतकरी आयोगाने २००६ मध्ये उत्पादन खर्चाहून किमान ५० टक्के जास्त हमीभाव सुचवला. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात दीडपट हमीभावाची घोषणा झाली, पण ती अमलात आली ए-२ अधिक एफएल धरून. शेतकरी संघटना मागतात सी-२. घोषणा-प्रतिघोषणांची धूळ बाजूला केली तर भांडण एवढंच उरतं, की जमिनीचा आणि भांडवलाचा संधी खर्च मोजायचा की नाही.

माझ्या मते मोजायलाच हवा. तो न मोजल्यामुळेच वहीत नफा दिसतो आणि घरात कडकी असते. कांद्याला तर हमीभावच नाही, त्यामुळे हा हिशेब दुसरं कुणी करून देत नाही.

चाळ बांधलेलीच आहे. मग थांबायला काय लागतं?

पुष्कळ लागतं, फक्त त्याची पावती मिळत नाही.

समजा एप्रिलअखेर तुमच्याकडे १०० क्विंटल उन्हाळ कांदा आहे आणि लिलावात क्विंटलला १,२०० रुपये निघताहेत. आज विकला तर १,२०,००० रुपये. ऑगस्टअखेरपर्यंत ठेवला तर १०० चे १०० राहत नाहीत. वजन उडतं, काही सडतो, काहीला मोड येतात. साध्या चाळीत चार-पाच महिन्यांत ३० ते ४० टक्क्यांपर्यंत घट होऊ शकते. आपण २५ टक्केच धरू. उरले ७५ क्विंटल. नुसता आजचा पैसा परत यायला तेव्हा १,६०० भाव हवा. चाळ फोडून माल निवडायची मजुरी ६,००० धरा.

राहिलं व्याज. तुमचे १,२०,००० रुपये चार महिने कांद्याच्या रूपात अडकून पडणार. वर्षाला ७ टक्क्यांचं पीक कर्ज डोक्यावर असेल तर या अडकण्याचं मोल २,८०० रुपये. गावातल्या सावकाराचे शेकडा २ रुपये महिना चालू असतील तर ९,६००. पहिल्याची बरोबरी होते १,७१७ भावाला, दुसऱ्याची १,८०८ ला.

आता समजा ऑगस्टात १,७५० मिळतील असा दोघांचाही अंदाज आहे. पहिल्याने ठेवावा. दुसऱ्याने आजच विकून सावकाराचा हिशेब मिटवावा. माल सारखा, चाळ सारखी, अंदाजही एकच, तरी दोघांचे बरोबर निर्णय उलटे. "शेतकरी पडत्या भावात विकतातच कशाला?" असं पुण्या-मुंबईत बसून विचारणाऱ्याला याचं उत्तर बाजार समितीत सापडणार नाही. ते ज्याच्या त्याच्या कर्जाच्या दरात आहे.

चाळ बांधायला आलेला खर्च या हिशेबात नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. तो होऊन गेला. पण तीच चाळ शेजारी भाड्याने मागत असेल, तर ते बुडालेलं भाडं मात्र धरावं लागेल.

एकदा 'गणपतीनंतरच विकायचा' असं ठरवून टाकलं तर डोक्याला ताप नाही. चालेल?

डोक्याला ताप नाही हे खरं, पण खिशाला बसतो. थांबणं हा चार महिन्यांचा एकच निर्णय नसतो. दर आठवड्याला प्रश्न नवा असतो: अजून एक आठवडा थांबू का? अर्थशास्त्रात 'सीमांत' म्हणतात ते हेच, पुढच्या एका घासाचा विचार. आज भाव १,५०० आहे आणि येत्या आठवड्यात ३ टक्के माल घटणार असेल, तर पुढच्या आठवड्यात १,५४६ च्या वर मिळण्याची आशा असली तरच थांबायचं. व्याज वेगळं.

ही घट सारखी नसते. मेच्या कोरड्या हवेत मुख्यतः वजन उडतं. जुलैच्या दमट हवेत सड लागते. पुढे थंडीची चाहूल लागली की मोड. जुलैत दुपाखी चाळीजवळ उभं राहिलं की हिशेब आधी नाकाला कळतो. तळाच्या बांबूंच्या फटीतून काळपट पाणी ठिबकतंय आणि वर चिलटं घोंगावताहेत म्हणजे आत एका जागी सड धरली आहे आणि ती शेजारच्या कांद्यांना लावत सुटली आहे. मग एका अंगाने चाळ फोडतात, बायका निवडायला बसतात. सडका बाजूला, काजळी धरलेला बाजूला, मोडाचा वेगळा, गोल्टी म्हणजे बारीक कांदा वेगळा, उरला तो चांगला. या ढिगांकडे नुसतं बघून जाणता माणूस पुढचा आठवडा ठरवतो. परीक्षेत काढायला लावतात तो वाढत्या सीमांत खर्चाचा वक्र याच ढिगांचा असतो.

एकरी ६०,००० घातलेत. तेवढे निघाल्याशिवाय कांदा द्यायचा नाही. यात चूक काय?

ते ६०,००० तुमच्या हट्टाने परत येणार नाहीत, ही.

समजा कांदा अजून जमिनीत आहे. उळ्यापासून (कांद्याच्या बियाण्यापासून) फवारणीपर्यंत एकरी ६०,००० गेले. काढणी, पात कापणं, ट्रॅक्टरचं भाडं, हमाली-तोलाई धरून अजून २०,००० लागतील आणि ८० क्विंटल माल निघेल. २०,००० ला ८० ने भागा: २५०. भाव त्याच्या वर असेल तर काढा, खाली असेल तर रोटाव्हेटर फिरवा. समजा भाव ४०० आहे. ३२,००० येतील, एकूण खर्च ८०,०००, म्हणजे तोटा ४८,०००. तरी काढायचा. कारण न काढल्यास तोटा पूर्ण ६०,००० चा.

होऊन गेलेल्या आणि परत न येणाऱ्या खर्चाला बुडीत खर्च म्हणतात आणि पुढच्या निर्णयात त्याला जागा नसते. मन मात्र हे मानत नाही. हाल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहाचा प्रयोग प्रसिद्ध केला. हंगामाची तिकिटं घ्यायला आलेल्यांपैकी काहींना, कुठलाही निकष न लावता, सवलत दिली. ज्यांनी पूर्ण पैसे मोजले होते ते हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात जास्त नाटकांना आले. तिकीट सगळ्यांच्या खिशात तेच होतं, नाटकंही तीच. फरक होता तो फक्त गेलेल्या पैशाचा.

एक गल्लत मात्र टाळा. ६०,००० विसरायचे ते काढणीच्या वेळी. पुढच्या वर्षी उळे टाकण्यापूर्वी तेच ६०,००० पहिल्या ओळीत लिहायचे, कारण तेव्हा ते अजून खर्च झालेले नसतात.

फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापुरात ५१२ किलो कांद्याचे २ रुपये मिळाले होते. त्या शेतकऱ्याचा निर्णय चुकला म्हणायचा का?

नाही. त्या कांद्याला किलोला १ रुपया भाव लागला. गाडीभाडं, हमाली, तोलाई मिळून ५०९ रुपये ५० पैसे कापले गेले आणि धनादेश निघाला २ रुपयांचा. बातमी वाचून अनेकांनी "मग बाजारात नेलाच कशाला?" असं विचारलं. पण भाव कळतो तो लिलावात, आणि तोवर भाडं झालेलं असतं. लिलाव झाल्यावर पर्याय दोनच: २ रुपये घ्या, नाहीतर परतीचं भाडं भरून तोच माल घरी न्या. त्या क्षणी २ रुपये घेणं हाच बरोबर निर्णय होता, आणि तो कुणावरही यावा असा नव्हता. निर्णय बरोबर आणि निकाल वाईट, हे एकत्र नांदू शकतं. निकालावरून निर्णयाची परीक्षा करायची आपली सवय या विषयात सगळ्यात जास्त नडते.

त्याच वर्षी राज्य सरकारने १ फेब्रुवारी ते ३१ मार्चदरम्यान विकलेल्या कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान दिलं, शेतकऱ्यामागे २०० क्विंटलपर्यंत. काढणीच्या वरच्या उदाहरणात हे ३५० आधी माहीत असते तर कांदा १०० रुपयांनीही काढणं परवडलं असतं. पण घोषणा झाली मार्चमध्ये. फेब्रुवारीत ज्याने रास्त हिशेब करून पिकावर नांगर घातला त्याच्या हाती काहीच आलं नाही. प्रोत्साहन द्यायचं तर ते निर्णयाआधी पोचायला हवं.

पीक थोडं कमी आलं की भाव दुपटीच्या वर कसा जातो?

मागणी हटत नाही म्हणून. फोडणीला कांद्याऐवजी दुसरं काही चालत नाही, आणि घरखर्चात कांद्याचा वाटा एवढा लहान की भाव वाढला तरी माणूस चार शिव्या घालतो आणि घेतो. अशा मागणीला अलवचिक म्हणतात. खरेदी थोडी जरी कमी व्हायची असेल तरी भाव बराच चढावा लागतो. इंग्लंडमध्ये चार्ल्स डॅव्हेनंट यांनी १६९९ मध्ये धान्याचा असा तक्ता छापला होता: पीक एक दशांश कमी आलं तर भाव तीन दशांश चढतो, निम्मं आलं तर साडेचार पटींनी वाढतो. आकडे धान्याचे आणि सव्वातीनशे वर्षांपूर्वीचे, पण कांद्याच्या बाजारात ओळखीचे वाटतात.

हीच गोष्ट उलट्या बाजूने शेतकऱ्याच्या मुळावर येते. समजा पीक १० टक्के जास्त आलं आणि त्यापायी भाव ३० टक्के पडला. माल ११० आणि भाव ७०, गुणाकार ७७. जास्त पिकवून सगळ्यांचा मिळून गल्ला २३ टक्क्यांनी कमी. शहरात भाव चढला की राजकारण तापतं, १९९८ ची दिल्लीची विधानसभा निवडणूक त्यासाठी आजही आठवतात. गल्ला कमी झाल्याची बातमी मात्र आतल्या पानावर.

हे दरवर्षी होतं, तर लोक दरवर्षी जास्त कांदा का लावतात?

गंमत अशी की प्रत्येकाचं एकट्याचं गणित बरोबर असतं. माझ्या दोन एकरांनी लासलगावचा भाव हलत नाही. गेल्या हंगामात भाव चांगला होता, तर मी जास्त लावणं शहाणपणाचं. पण तोच विचार येवल्यात, अहिल्यानगरात, पुण्यात, मध्य प्रदेशात, गुजरातेत चाललेला असतो. तीन-चार महिन्यांनी सगळा माल एकदम येतो, भाव बसतो. पुढच्या वर्षी लोक हात आखडतात, भाव चढतो. मग पुन्हा तेच. भाव आणि उत्पादन यांचा आलेख काढला तर कोळ्याचं जाळं दिसतं, म्हणून निकोलस काल्डोर यांनी १९३४ मध्ये याला कोळिष्टकाचा सिद्धांत असं नाव दिलं.

"सगळे लावताहेत तर मी उलट करतो" असं म्हणणारे प्रत्येक गावात एक-दोन असतात आणि त्यांच्यातले काही खरंच कमावतात. पण सगळ्यांनीच तसं ठरवलं तर उलट्याचं पुन्हा सुलट होतं.

भाव वाढल्यावर घरात नेमकं काय कमी होतं?

सगळं थोडं थोडं कमी होत नाही. आधी कांदाभजी बंद होतात. मग जेवताना फोडून घ्यायचा कच्चा कांदा. खानावळीत ताटात कांद्याच्या जागी कोबी आणि मुळा दिसायला लागतो. फोडणीतला अर्धा कांदा सगळ्यात शेवटपर्यंत तग धरतो. पहिल्या कांद्याचा उपयोग सगळ्यात मोलाचा, पुढच्या प्रत्येकाचा आधीच्यापेक्षा कमी. बारावीत घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत म्हणून शिकवतात तो हाच.

ॲडम स्मिथ यांना १७७६ मध्ये पडलेलं कोडंही याच किल्लीने उघडतं. पाण्यावाचून जीव जातो तरी ते स्वस्त, हिऱ्याचा उपयोग काय तरी तो महाग. उत्तर मिळायला शंभर वर्षं गेली. १८७० च्या दशकात जेव्हन्स, मेंगर आणि वालरा या तिघांनी स्वतंत्रपणे दाखवलं की भाव ठरतो तो वस्तूच्या एकूण उपयोगावर नव्हे, शेवटच्या नगाच्या उपयोगावर.

आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमीला, भज्यांचा घाणा घालून पुढे चातुर्मासभर कांदा-लसूण सोडणारी घरंही असतात. त्यांची आवड 'अविवेकी' आहे का? अर्थशास्त्राला त्याच्याशी कर्तव्य नाही. काय हवं ते ज्याचं त्याने ठरवावं. हवं ते मिळवताना स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतो का, एवढंच ते बघतं.

व्यापारी साठा करतात म्हणून भाव वाढतो. साठेबाजी मुळात वाईटच ना?

साठवणं आणि संगनमत या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि आपल्याकडे शिवी दोन्हींना एकच आहे. कुणीच साठवलं नाही तर मेमध्ये कांदा मातीमोल होईल आणि सप्टेंबरात मिळणारच नाही. साठवणारा तो मे महिन्यातून उचलतो आणि सप्टेंबरात आणून ठेवतो. त्यामुळे मेचा भाव थोडा वर येतो, सप्टेंबरचा थोडा खाली. यात त्याचा नफा होतो, आणि त्याचा अंदाज चुकला तर सडलेला मालही त्याचाच.

संगनमत म्हणजे चार खरेदीदारांनी आधी ठरवून लिलावात बोली दाबणं. खरेदीदार मोजके असले की तो धोका असतोच. लासलगावची ओळख आशियातली सर्वांत मोठी कांदा बाजारपेठ अशी, तरी शेतकऱ्याच्या दृष्टीने आकारापेक्षा महत्त्वाचं हे की त्याच्या ट्रॅक्टरभोवती बोली लावायला किती जण उभे आहेत. यावर इलाज जास्त खरेदीदार हा आहे. साठ्यावर मर्यादा आणल्याने खरेदीदार उलट मागे सरतात. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्राने घाऊक व्यापाऱ्याला ५०० आणि किरकोळ विक्रेत्याला १०० क्विंटलची मर्यादा घातली. गोदाम भरलेलं असताना मर्यादा आली की व्यापारी नवी खरेदी थांबवतो आणि चाळीतला कांदा शेतकऱ्याच्या गळ्यात राहतो.

निर्यातीचे नियम बदलले तर चाळीतल्या कांद्याचा हिशेब कसा बदलतो?

मुळापासून बदलतो. आधी घटनाक्रम: १९ ऑगस्ट २०२३ ला निर्यातीवर ४० टक्के शुल्क, आणि नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य, म्हणजे त्याखालच्या भावाने निर्यात नाही. ८ डिसेंबरला सरळ बंदी. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेलं, शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ पासून शुल्कही गेलं.

आता वरच्या उदाहरणातला पहिला शेतकरी घ्या, ज्याची बरोबरी १,७१७ ला होते. समजा ऑगस्टात निम्मी शक्यता २,४०० भावाची आणि निम्मी १,२०० ची आहे. सरासरी १,८००, म्हणजे ठेवणं परवडतं. पण भाव २,४०० कडे निघाला की निर्यात आवळून तो १,६०० वर आणला जातो, असा अनुभव असेल तर? सरासरी उरते १,४००. मग तो एप्रिलमध्येच विकतो. सगळ्यांनीच विकलं की एप्रिलचा भाव आणखी पडतो आणि सप्टेंबरात चाळी रिकाम्या. ज्या ग्राहकासाठी भाव दाबायचा होता त्यालाच पुढे महाग कांदा घ्यावा लागतो. केंद्र सरकार नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांमार्फत राखीव साठाही करतं, २०२३ मध्ये तो ५ लाख टनांपर्यंत वाढवण्यात आला. पण खाली भावाला आधार नाही आणि वर झाकण मात्र आहे, अशा बाजारात थांबण्याची जोखीम घेणारा कमीच भेटेल.

विवेकी निर्णय म्हणजे सगळे आकडे मांडून सगळ्यात जास्त नफ्याचा पर्याय निवडणं का?

तेवढा वेळ आणि तेवढी माहिती कुणाकडेच नसते. हर्बर्ट सायमन यांना १९७८ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते मुख्यतः या विचारासाठी: माणसाची विवेकबुद्धी मर्यादित असते, तो सर्वोत्तम शोधत बसत नाही, पुरेसं बरं मिळालं की थांबतो. "तिसरा हिस्सा काढणीला, तिसरा आषाढात, उरलेला पुढे" ही जुन्या लोकांची रीत तशीच आहे. तिने सर्वांत जास्त नफा कधीच होत नाही, कारण सगळा माल शिखरावर विकला जात नाही. पण सगळा माल खड्ड्यातही जात नाही. ज्याच्या घरी एक वर्षाचा फटका म्हणजे मुलीचं शिक्षण थांबणं, त्याच्यासाठी ही रीत कुठल्याही बारीक गणितापेक्षा शहाणी आहे.

गेल्या वर्षी ४,००० ने विकला, आता २,२०० ने द्यायला मन होत नाही.

डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये दाखवलं की आपण नफा-तोटा मोजतो तो मनातल्या एका खुंटीपासून, आणि त्या खुंटीच्या खाली गेलं की तेवढ्याच नफ्याच्या आनंदापेक्षा दुःख बरंच मोठं असतं. तुमची खुंटी ४,००० वर ठोकलेली आहे. बाजाराला ते ठाऊक नाही. कागदावर तीनच आकडे लिहा: आजचा भाव, येत्या आठवड्याची घट, व्याज. गेल्या वर्षीचा भाव या कागदावर येत नाही.

माझा माल निवडलेला असूनही भाव सरासरीच लागतो. का?

व्यापाऱ्याला ट्रॉलीचा वरचा थर दिसतो, तळ दिसत नाही. वर चांगला आणि खाली खाद, म्हणजे खराब माल, भरून आणणारे असतातच, म्हणून तो सगळ्यांनाच थोडा कमी भाव देतो. मग चांगला माल आणणाऱ्याला निवडण्याचा उत्साह राहत नाही. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावरून हे मांडलं. यावर तोडगा म्हणजे कमावलेलं नाव: वर्षानुवर्षं तळापर्यंत एकसारखा माल नेणाऱ्याला ओळखीचा व्यापारी चार पैसे चढवून देतो.

हेच गणित टोमॅटोला लावता येईल का?

बुडीत खर्च, संधी खर्च, काढणीचा किमान भाव, हे जसंच्या तसं लागू होतं. चाळीचं प्रकरण सोडून द्या. टोमॅटो साध्या शेडमध्ये महिनाभरही राहत नाही, त्यामुळे मेचा माल जुलैत नेणारा कुणी नसतो आणि भावाचे झोके कांद्याहून मोठे असतात. २०२३ च्या जुलैत अनेक शहरांत तो किलोला २०० रुपयांच्या वर गेला होता. त्याच हंगामाच्या सुरुवातीला नारायणगाव-पिंपळगाव भागातल्या ज्यांनी उभे प्लॉट सोडून दिले, त्यांचा त्या दिवशीचा हिशेब करून बघा. तो बहुधा बरोबरच निघेल.